आठ मजली मत

ज्या तमिळ विज्ञानमालिकेबद्दल मी गेली तीसेक वर्षं चारचौघांत अधिकारवाणीने बोलत आलो आहे, तिचा मी आयुष्यात एकच भाग पाहिला आहे. त्यातलाही निम्मा. उरलेला निम्मा पावसाने, एका कावळ्याने आणि गेलेल्या विजेने आपसांत वाटून घेतला. जो पाहिला तो मला न येणाऱ्या भाषेत होता. एवढ्या भांडवलावर माणूस समीक्षक होऊ शकतो हे मी कुंभकोणमपासून बसने पाऊण तासावरच्या एका खेड्यात शिकलो.

लग्नानंतरची पहिली दिवाळी होती. आपण दिवाळसण म्हणतो, तिकडे तलै दीपावळी म्हणतात. तत्त्व एकच: जावयाला बोलवायचं, खाऊ घालायचं आणि तो काय काय खात नाही याची नोंद पुढच्या दोन पिढ्यांसाठी ठेवायची. सासर तंजावरी मराठी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी 1675 च्या सुमारास तंजावर घेतलं, त्यांच्या मागोमाग कारकून गेले, कीर्तनकार गेले, आचारी गेले. त्यातलंच कुठलंतरी हे घराणं. तेव्हापासून उंबऱ्याच्या आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. गावात त्यांना ‘रायर’ म्हणतात. त्यांची मराठी तमिळच्या चालीवर झोके घेत चालते. ती जशीच्या तशी कागदावर उतरवणं माझ्या आवाक्यातलं नाही, म्हणून पुढची सगळी संभाषणं मी माझ्या भाषेत देतो आहे. माझ्या भाषेबद्दल त्यांचं काय मत होतं हेही सांगून टाकतो. आजेसासूबाईंनी दोन दिवस मला नीट ऐकून घेतलं आणि नातीला बाजूला घेऊन विचारलं, “हे बोलतात ती मराठीच ना? मग एवढं रागावून का बोलतात?”

मी पुण्याचा आहे, एवढंच नातीने सांगितलं.

दिवाळीच्या पहाटे तेल चोपडून न्हाणं झालं. जो भेटेल तो “गंगास्नानम् आच्चा?” विचारत होता आणि मी प्रत्येकाला “मलाही तुम्हाला भेटून आनंद झाला” असं सांगत होतो. मग चांदीच्या चमच्याने लेह्य आलं. सुंठ, मिरी, ओवा, गूळ, तूप असं आटवून केलेला काळा गोळा. जो फराळ अजून खाल्लेलाच नाही, त्याच्या अजीर्णावरचं आगाऊ औषध. हे लोक भविष्यकाळाचा किती बारकाईने विचार करतात, याची पहिली चुणूक मला तिथे मिळाली.

दुसरी संध्याकाळी. मेहुणा म्हणाला, “भावजी, आज ‘एन् इनिय इयंतिरा’ आहे. पाहाणार?”

“म्हणजे?”

“माझ्या प्रिय यंत्रा. सुजाता यांची कादंबरी, दूरदर्शनवर येते. पुढच्या काळातली गोष्ट. त्यात यंत्राचा कुत्रा आहे.”

माझे कान टवकारले. विज्ञानकथा हा माझा प्रांत आहे असं माझं मत होतं. ‘यक्षांची देणगी’ दोनदा वाचलेलं, रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ पाहिलेलं आणि त्यातलं सगळं इंग्रजी कळलं असं धाकट्या भावाला सांगितलेलं. सासरी जावयाला दाखवायला काहीतरी हुन्नर लागतो. मला पोहता येत नव्हतं, गाता येत नव्हतं, हाताने रसमभात खाताना तो कोपरापर्यंत येत होता. विज्ञानकथा ही माझी शेवटची आशा होती.

टीव्हीची जागा बैठकीत, झोपाळ्यासमोर. सरकत्या फळ्यांच्या लाकडी पेटीत तो बसवलेला. वर तंजावरची मान डोलावणारी बाहुली, तलैयाट्टी बोम्मै. पंख्याचा वारा लागला की ती प्रत्येकाच्या बोलण्याला मान डोलावायची, त्यामुळे घरात तिचं सगळ्यांशी पटत असे. आयुधपूजेला टीव्हीलाही चंदन-कुंकू लावलं होतं, आणि सासूबाईंचा हात उदार असल्यामुळे कुंकवाचं एक बोट काचेवर, डावीकडे वरच्या अंगाला उमटलं होतं. ते पुसायचं नाही, असा दंडक. म्हणजे जे पात्र त्या कोपऱ्यात येईल त्याच्या कपाळी टिळा. बातम्या देणारा, शेतीवर बोलणारा, परदेशी पाहुणा, सगळे कधी ना कधी सौभाग्यलेणं लेऊन जात.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात जमीन ताटासारखी सपाट. डोंगर नाही, टेकडी नाही, नजर जाईल तिथवर भात आणि वायक्काल, म्हणजे पाटाचे कालवे. त्यामुळे अँटेना हाच गावातला सगळ्यात उंच विचार. ती कोडैकानलच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभी असायची. पण वाऱ्याने थोडी वळली की समुद्रापलीकडून श्रीलंकेची रूपवाहिनी येऊन बसे. पश्चिमेला दूरदर्शन, आग्नेयेला लंका. मध्ये काहीच अडवायला नाही. हनुमंताला जे एका उड्डाणात जमलं ते आमच्या अँटेनेवरच्या कावळ्याला नुसतं बसण्यात जमे.

संध्याकाळी ऐप्पशीचा पाऊस सुरू झाला. तिकडे दिवाळी आणि ईशान्य मान्सून हातात हात घालून येतात. मेहुणा छत्री घेऊन गच्चीवर, धाकटा मेहुणा जिन्यात, सासरेबुवा झोपाळ्यावर, अशी साखळी उभी राहिली. सासरे म्हणत, “मुंग्या!” जिन्यातला ओरडे, “मुंग्या!” गच्चीवरचा फिरवी. “आलं!” “आलं!” “गेलं!” तोवर ते ‘आलं’ वर पोचलेलं असायचं आणि मेहुणा निम्म्या जिन्यात उतरलेला असायचा. जगात प्रकाशाचा वेग सगळ्यात जास्त असला, तरी आमच्या जिन्यातून निरोप जायला त्याहून बराच वेळ लागतो.

गल्ली जमू लागली. पहिल्यांदा मिरासदार आले, पानाची पितळी पेटी घेऊन. मग पोस्टमास्तर. मग देवळातले गुरुक्कळ, ते “मला वेळ नाही” म्हणत खांबाला टेकून बसले ते शेवटपर्यंत. बायका आतल्या चौकाच्या कडेला, पोरं खिडकीच्या गजांना. चारदोन शेतमजूर ओसरीवर, तिण्णैवर टेकून. मला मानाची वेताची खुर्ची दिली, जिच्यावरून पडद्याचा उजवा अर्धा भाग खांबाआड जात होता. माझा निम्मा भाग हुकला तो असाही एक.

मालिका सुरू झाली. साल 2021. भारतावर जीवा नावाच्या हुकूमशहाची सत्ता. सरकारी परवान्याशिवाय मूल होऊ द्यायचं नाही. निला नावाच्या बाईला परवाना मिळतो आणि तिचा नवरा सिबी बेपत्ता होतो. मग घरात रवी नावाचा तरुण येतो, त्याच्याबरोबर जीनो, यंत्राचा कुत्रा, जो पुस्तकं वाचतो आणि माणसांपेक्षा शहाण्यासारखं बोलतो. हे मला एका कानात मेहुणा सांगत होता. दुसऱ्या कानात पोस्टमास्तर पुढचं सांगत होते. कादंबरी आधी ‘आनंद विकटन’मध्ये क्रमशः आली होती, आणि विकटनचा अंक गावात पहिल्यांदा पोस्टमास्तरांच्याच हातात पडत असे. त्यामुळे कथानकावर त्यांचा टपाल खात्याइतकाच हक्क.

“आता दार उघडेल.”

दार उघडलं.

“आता कुत्रा बोलेल.”

कुत्रा बोलला. खिडकीवरच्या पोरांना वाटायला लागलं की कुत्रा पोस्टमास्तरच चालवतात.

“शेवटी काय कळतं ठाऊक आहे?” पोस्टमास्तर भारावून म्हणाले. कुणीही “नको” म्हणायच्या आत त्यांनी सांगून टाकलं. “जीवा नावाचा माणूसच नाही! नुसतं प्रकाशाचं चित्र आहे. लोक त्यालाच घाबरून जगतात.”

“म्हणजे टीव्हीच,” सासरे म्हणाले.

बाहुलीने मान डोलावली. आणि तेवढ्यात गच्चीवर कावळा बसला. निलाच्या जागी एक सिंहली गृहस्थ आले, कपाळावर कुंकू लावून, आणि शांतपणे काहीतरी समजावून सांगू लागले. आजेसासूबाईंना वाटलं हाच जीवा. “दिसायला चांगला आहे की,” त्या म्हणाल्या. दोन मिनिटं सगळ्यांनी त्यांचं ऐकून घेतलं, कारण पुढच्या काळातली भाषा कदाचित अशीच असेल. मग साखळीतून “कावळा!” असा निरोप वर गेला, चप्पल भिरकावल्याचा आवाज आला, निला परत आली, रडत होती, का ते कळेना. आणि ते कळणार इतक्यात दिवे गेले.

“करंट पोच्चु!” सगळी गल्ली एका सुरात म्हणाली. त्या सुरात दुःख नव्हतं. आता खरा कार्यक्रम सुरू होणार होता.

कंदील आला, कॉफी आली. डवऱ्यातून टंबलरमध्ये आणि टंबलरमधून डवऱ्यात अशी हातभर उंच धार धरून ती निववली गेली आणि मतप्रदर्शनाला तोंड फुटलं. भाग अर्ध्या तासाचा होता. मतं रात्री अकरापर्यंत चालली.

मिरासदारांनी पान लावता लावता सुरुवात केली. “या 2021 मध्ये मेट्टूरचं धरण कधी उघडतं?”

कुणालाच माहीत नव्हतं.

“बारा जूनला उघडतं की नाही ते आधी दाखवा. एवढी माणसं आहेत, जेवत असतील ना? मग कुरुवै कोण लावतं? सांबा कोण लावतं? ताळडीचं काय? एकही माणूस चिखलात उतरलेला दिसला नाही. अशी गोष्ट मी मानत नाही.” त्यांनी देठ खुडला. तिण्णैवरच्या मजुरांपैकी एकजण हळूच म्हणाला की चिखलात कुणालाच उतरावं लागत नसेल तर त्याला गोष्ट पटली. मिरासदारांनी ते ऐकलं नाही असं ठरवलं.

गुरुक्कळांची अडचण वेगळी. कुत्रा यंत्राचा आहे, घरात फिरतो, सोवळ्यातल्या माणसाला शिवला तर आंघोळ करायची की नाही? यावर गल्लीत उभी फूट पडली. यंत्र आहे तर विटाळ नाही, जसा टॉर्चचा नाही, असं एका पक्षाचं म्हणणं. पण टॉर्च भुंकत नाही, असं दुसऱ्याचं. मधल्या पक्षाने सुचवलं की सेल काढल्यावर शिवायला हरकत नसावी. गुरुक्कळांना वेळ नसल्यामुळे त्यांनी निकाल पुढच्या भागापर्यंत राखून ठेवला.

चौकाच्या कडेकडून सासूबाईंचा आवाज आला. “नवरा सरकारी कचेरीत परवाना आणायला गेला आणि परत आला नाही. यात पुढच्या काळाचं काय आहे? आमचे हे जमिनीच्या उताऱ्यासाठी तालुक्याला गेले होते, तिसऱ्या दिवशी आले.” बायकांत खसखस पिकली. सासरेबुवांनी झोपाळ्याला पायाने जरा जोरात रेटा दिला.

नावांवरून तर फारच गदारोळ झाला. त्या जगात माणसांची नावं दोन अक्षरांची: निला, सिबी, रवी, मनो. आमच्या सासरी एकेक नाव असं, की त्यात आजोबा, कुलदैवत, नदी आणि शेवटी ‘राव’ हे सगळं ओवलेलं असतं. रेशनकार्डाच्या रकान्यातून ते ओघळून शेजारच्या रकान्यात, वयाच्या जागी जातं. माझ्या थोरल्या मेव्हण्याचं वय सरकारदरबारी बरीच वर्षं ‘राव’ असं होतं. “आणि दोन अक्षरांत वडिलांचं आद्याक्षर कुठे घालायचं?” पोस्टमास्तरांनी धंद्याचा मुद्दा काढला. “पत्र कुणाला द्यायचं मी?”

आजेसासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “मेलट्टूरला नरसिंहजयंतीला भागवतमेळा असतो. तिथे नरसिंह निघतो, तेव्हा मुखवटा घातलेल्या माणसाला चौघांनी धरून ठेवावं लागतं. मी लहानपणापासून बघते. गोष्ट ठाऊक असते, हिरण्यकश्यपूचं काम कोण करतो तेही ठाऊक असतं. तरी अंगावर काटा येतो. तुमच्या कुत्र्याला बघून आला का काटा?”

कुणाच्याच अंगावर आला नव्हता. जीनोची एका वाक्यात विकेट पडली.

आता सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. पुण्याचे जावई, शिकलेले, शास्त्राची पुस्तकं वाचणारे. मिरासदार म्हणाले, “माप्पिळ्ळै काय म्हणतात?” मी टंबलर खाली ठेवला. घसा साफ केला. आयुष्यात अशी संधी एकदाच येते आणि ती हुकवायला मी एकटाच पुरतो.

“कथा उत्तम आहे,” मी म्हणालो. “विशेष म्हणजे एका स्त्रीने हे लिहावं, याचं कौतुक वाटतं. निलाचं दुःख पाहा. ते पुरुषाला लिहिता येणार नाही. सुजाताबाईंनी त्यात स्वतःचं काळीज ओतलंय.”

मेव्हण्याने भाषांतर केलं नाही. त्याची गरजही नव्हती, ‘सुजाताबाई’ सगळ्यांना कळलं होतं. पंखा बंद असल्याने बाहुलीसुद्धा स्तब्ध होती. मग पोस्टमास्तरांनी, पावती फाडावी तशा शांतपणे सांगितलं, की सुजाता म्हणजे एस. रंगराजन. बाप्या माणूस. इंजिनीअर. श्रीरंगमला वाढलेले, म्हणजे याच कावेरीच्या पाण्यावर. बेंगळुरूला भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये असतात. बायकोचं नाव सुजाता, तेच लिहिताना घेतात.

चौकाच्या कडेला काहीतरी फुटलं. हसू होतं ते. माझ्या बायकोचा आवाज त्यात सगळ्यात मोठा.

मी बुडत्याचा काडीला आधार म्हणतात तसा जयंत नारळीकरांना धरला. “आमच्याकडेही असं झालंय,” मी म्हणालो. “नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. बक्षीस मिळालं, मग कळलं.”

मिरासदारांनी यावर बराच विचार केला. “एक जगताप होतो, एक बाई होतो,” ते म्हणाले. “शास्त्र लिहिणारे सगळे लपून लिहितात. काहीतरी भानगड आहे.”

माझी अब्रू झाकायला शेवटी सासरेबुवा उठले. म्हणजे झोपाळा थांबवला. “हे सगळं,” त्यांनी काळ्या पडद्याकडे हात केला, “आमच्या सरफोजी महाराजांनी आधीच करून ठेवलंय.” कुठल्याही नव्या गोष्टीवर मराठी माणसाचं हेच मत असतं, तंजावरात ते निदान पुराव्यानिशी असतं. सरफोजींनी ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं मराठी नाटक लिहिलं. कुरवंजी म्हणजे डोंगरातली भविष्य सांगणारी बाई. इतर नाटकांत ती हात बघते, नवरा कधी भेटेल ते सांगते. सरफोजींची कुरवंजी इंद्राच्या बायकोला जगाचा भूगोल सांगते, देशोदेशींची नावं घेत. “कुत्र्याने पुस्तक वाचलं तर तुम्हाला नवल वाटतं,” सासरे म्हणाले. “आमच्याकडे दोनशे वर्षांपूर्वी कुडमुडी भूगोल शिकवत होती.” देवनागरीचा छापखाना 1805 चा, मोठ्या देवळात भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरलेला 1803 चा, अशी एकेक तोफ डागत ते पुढे निघाले. करंट आला तेव्हा ते सरस्वती महाल ग्रंथालयाच्या दारात पोचले होते, आणि पडद्यावर कुंकू लावलेला माणूस उद्याचं हवामान सांगत होता.

दोन दिवसांनी मला मनोरा दाखवायला नेलं. पट्टुक्कोट्टैच्या पुढे, पाल्कच्या सामुद्रधुनीच्या काठावर. तिकडे युरोपात नेपोलियनचा पाडाव झाला आणि इथे सरफोजींनी 1814-15 च्या सुमारास आठ मजली मनोरा उभारला. राजा युरोपात कधी गेला नव्हता. नेपोलियनने तंजावरचं काही वाकडं केलं नव्हतं. लढाईत यांचा एक शिपाईही नव्हता. नुसती बातमी कानावर आली आणि माणसाला इतकं पटलं, की त्याने आठ मजले बांधले. जिना चढता चढता मला गल्लीतली सगळी मंडळी आठवली. भाग पाहिलेला नाही, पात्रं ओळखीची नाहीत, मध्ये समुद्र आहे, तरी मत मात्र चुनाविटांत. माझा जीव बराच हलका झाला.

पुण्याला आल्यावर मी त्या मालिकेबद्दल बोलायला लागलो तो अजून बोलतो आहे. सुजाता पुरुष आहेत, हे मी दुसऱ्या वाक्यातच सांगतो, म्हणजे माहितगार वाटतो. ते ज्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये होते तिथे मतदान यंत्राच्या कामात त्यांचा हात होता, हे तिसऱ्या वाक्यात. ते 2008 मध्ये गेले. त्यांनी लिहिलेलं साल मात्र ठरल्याप्रमाणे आलं. 6 एप्रिल 2021 ला तमिळनाडूत विधानसभेचं मतदान झालं, मेव्हण्याने गावच्या शाळेत जाऊन यंत्राचं बटण दाबलं आणि मला फोन केला. “भावजी, सुजाताबाईंच्या यंत्रावर मत देऊन आलो.” तीस वर्षं झाली, घरात ते नाव पुसलं गेलेलं नाही. कुंकवासारखंच.

मे महिन्यात त्याचा पुन्हा फोन. टाळेबंदीत एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-नोंदणी लागत होती आणि त्याला त्रिचीला जायचं होतं. मोबाइलवर अर्ज भरताना नाव रकान्यात मावेना. ‘राव’ पुन्हा बाहेर. “दोन अक्षरी नाव पाहिजे होतं,” तो म्हणाला. “तोंडाला फडकं बांधलंय, परवान्याशिवाय गावाबाहेर पाऊल नाही, सगळे टीव्हीवरच्या एका माणसाचं ऐकून घरात बसलेत. पोस्टमास्तर असते तर म्हणाले असते, मी आधीच सांगितलं होतं.”

पोस्टमास्तर नव्हते, गुरुक्कळ नव्हते, आजेसासूबाई नव्हत्या. टीव्ही भिंतीवर गेला आणि त्याच्यावर बसायला जागा न उरल्यामुळे बाहुली फ्रिजवर आली, हे त्याने बोलता बोलता सांगितलं. मी मिरासदारांची चौकशी केली. तेही आदल्या वर्षी गेले होते. नाहीतर त्यांना कळवलं असतं: 2021 साली मेट्टूरचं धरण बारा जूनलाच उघडलं.